मदत हवी आहे: रॅनफर्ली शील्डची सुरुवातीची वर्षं

नमस्कार मंडळी, न्यूझीलंडच्या रग्बीतल्या रॅनफर्ली शील्डवर मराठीत लेख लिहितेय. ही प्रांतीय संघांची ढाल; ती ज्याच्याकडे असते त्या संघाला दुसरा संघ आव्हान देतो, आणि जिंकला तर ती घेऊन जातो. गव्हर्नर लॉर्ड रॅनफर्ली यांनी १९०१ मध्ये चषक जाहीर केला, आली मात्र ढाल, आणि तिच्यावर चित्र फुटबॉलचं! मग गोलखांब उंच करून ते रग्बीचं केलं. १९०२ मध्ये ती थेट ऑकलंडला दिली, कारण त्यांची कामगिरी सर्वांत चांगली होती. १९०४ मध्ये पहिल्याच आव्हानात वेलिंग्टनने ६-३ असं हरवून ती नेली. मला हाच सामना रंगवून लिहायचाय. ऑकलंड-वेलिंग्टनकडचं कुणी तेव्हाच्या वर्तमानपत्रातला वृत्तान्त शोधून देईल का? आणि ढाल राखणाऱ्या संघाला मराठीत काय म्हणावं? ‘ढालधारी’ चालेल?