शब्दचर्चा : ३,३५,५०,३३६ ही ‘पूर्ण संख्या’ की ‘परिपूर्ण संख्या’?

प्रश्न : गणितावरील एका मराठी लेखात ३,३५,५०,३३६ ही ‘पाचवी पूर्ण संख्या’ असल्याचे वाचले. शालेय पुस्तकांत तर ०, १, २, ३ अशा सगळ्याच संख्यांना पूर्ण संख्या म्हणतात. त्या हिशेबाने पाचवी पूर्ण संख्या ४ ठरते. येथे नेमका कोणता शब्द हवा?

प्रतिसाद : ‘परिपूर्ण संख्या’ हवा. स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्यानंतर थेट तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीसच येते. तिचे अवयव पाडले तर ४०९६ गुणिले ८१९१ मिळतात; ४०९६ हा २ चा बारावा घात, आणि ८१९१ ही २ च्या तेराव्या घाताहून एकाने लहान असलेली मूळ संख्या, म्हणजे मर्सेन मूळ संख्या. आता १, २, ४ असे दुपटीने ४०९६ पर्यंत जाणारे तेरा विभाजक घ्या. त्यांची बेरीज नेमकी ८१९१ येते. उरलेले विभाजक म्हणजे ८१९१ च्या १, २, ४ पासून २०४८ पर्यंतच्या पटी, आणि त्यांची बेरीज ८१९१ गुणिले ४०९५. दोन्ही बेरजा मिळवल्या की ८१९१ गुणिले ४०९६ होतात. ही रीत युक्लिडने सिद्ध केली, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते हे पुढे ऑयलरने दाखवले. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

बेरीज कमी पडली तर ‘न्यून’ (८ साठी ती ७ येते) आणि जास्त झाली तर ‘विपुल’ (१२ साठी १६) हे शब्द मला योग्य वाटतात.

उपप्रश्न : ‘पूर्ण वर्ग’ हा शब्द मात्र रूढ आहे. तेथे ‘पूर्ण’ चालतो, तर येथे का नको?

प्रतिसाद : तेथे ‘पूर्ण’ हे वर्गाचे विशेषण आहे, त्यामुळे दुसऱ्या संज्ञेशी गल्लत होत नाही. प्रस्तुत संख्या पूर्ण वर्ग नाहीच; ती ५७९२ आणि ५७९३ यांच्या वर्गांच्या मध्ये पडते. त्रिकोणी मात्र ती आहे, कारण १ पासून ८१९१ पर्यंतच्या संख्यांची बेरीज तेवढीच होते.

दुसरा प्रतिसाद : देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद संख्या’ हा सुरेख शब्द दिला, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, ती हर्षद. येथे अंकांची बेरीज २८ येते. २८ ने भाग जायचा तर ७ हा अवयव हवा, आणि तो या संख्येत नाही. म्हणून ती हर्षद नव्हे. तरी २८ ही स्वतःच परिपूर्ण संख्या निघावी, हा योगायोग मोठा गमतीचा.