विषय: तातडीचं – अर्जात '4 वर्षांची पदवी', होय की नाही?

माई (सध्या पुणे, पौड रोड)
8 डिसेंबर, रात्री 11:50

मंडळी, 15 तारखेच्या आत उत्तर हवंय म्हणून मंडळाच्या सगळ्या लिस्टला पाठवतेय. काकू रागावणार, माहीत आहे.

भाची टीवाय बी.एस्सी.ला आहे, मॅथ्स. आपल्याकडे अमेरिकेत एम.एस. कॉम्प्युटर सायन्सला अर्ज भरतेय. अर्जात प्रश्न आहे: चार वर्षांची किंवा समकक्ष पदवी आहे किंवा होणार आहे का? 'नाही' दाबलं की लाल ओळ येते आणि पान पुढे सरकत नाही. माझा भाऊ, म्हणजे तिचे बाबा, म्हणतो, 'होय' दाब आणि मोकळी हो. ती म्हणते, खोटं लिहिणार नाही. दोन दिवस या घरात जेवताना कुणी कुणाशी बोलत नाहीये.

सीजीपीए 9.1. मार्कशीटवर संगणकाचं म्हणाल तर पायथनचं प्रॅक्टिकल, तेवढंच. सी स्वतः शिकली.

माई

बापू
8 डिसेंबर

माई, 'होय' अजिबात दाबू देऊ नका. प्रवेश मिळाल्यावर मूळ कागद मागतात. तेव्हा पकडलं गेलं तर प्रवेश जातो, शिवाय व्हिसाच्या वेळी काय उत्तर देणार?

मी स्वतः बी.एस्सी. मॅथ्स, नंतर पुण्यातूनच एमसीए. तेव्हा एमसीए तीन वर्षांचं होतं, त्यामुळे पुढे सोळा वर्षांच्या (बारावीपर्यंतची बारा, पदवीची चार) शिक्षणाचा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही. 2020 पासून ते दोन वर्षांचं झालंय, तरी बारा अधिक तीन अधिक दोन म्हणजे सतरा होतात. राज्याची सीईटी द्यायची, मॅथ्सवाल्यांना चालतं. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, आर्किटेक्चर, सगळं मार्कशीटवर येतं. इथे ॲडमिशनवाले तेच शोधतात. नुसतं 'स्वतः शिकले' म्हणून भागत नाही. मग खुशाल या म्हणावं. घाई कसली?

आबा
9 डिसेंबर

चि. माई, बापूंचं वाचून वाईट वाटलं. गणित शिकलेल्या मुलीला एमसीए कशाला करायला लावता? संगणकाचं शास्त्रच गणितवाल्यांनी उभं केलं. अल्गोरिदम्सचे मोठे ग्रंथ लिहिणारे डोनाल्ड क्नुथ, त्यांची 1963 ची पीएच.डी. गणितातली. आणि आपले श्रीराम अभ्यंकर! पर्ड्यू विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक होतेच, शिवाय कॉम्प्युटर सायन्सचे आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचेही. पुण्यात 1976 साली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था त्यांनीच काढली. ज्या फर्ग्युसनला रँग्लर परांजपे प्राचार्य होते त्या गावच्या मुलीला तुम्ही 'डेटा स्ट्रक्चर्स मार्कशीटवर आहे का' असं विचारता!

आम्ही पंचकार्डांवर फोरट्रान शिकलो. एक कार्ड उलटं लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं. त्यातून जी शिस्त लागली ती आजच्या मुलांत नाही.

तिला जीआरईची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशपरीक्षेची, कॉम्प्युटर सायन्सची सब्जेक्ट टेस्ट द्यायला सांगा. चांगले मार्क पडले की सगळी तोंडं बंद.

आशीर्वाद,
आबा

अक्का
9 डिसेंबर

आबा, ती टेस्ट 2013 मध्येच बंद झाली. मॅथ्सची आहे अजून. साधी जीआरईसुद्धा आता दोन तासांच्या आत आटपते, तुमच्या वेळची राहिली नाही.

आणि क्नुथना कुणी 'तुमची पदवी किती वर्षांची' असं विचारलं नव्हतं. प्रश्न तेवढाच आहे.

माई, 'समकक्ष' या शब्दाकडे बघा. डब्ल्यूईएससारख्या संस्था परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करतात. नॅक ही भारतातली कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था, तिची ए किंवा वरची श्रेणी असलेल्या ठिकाणची, पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गातली तीन वर्षांची पदवी त्या इथल्या बॅचलरच्या बरोबरीची धरू शकतात. पण मूल्यांकन म्हणजे शिफारस. मानायची की नाही हे विद्यापीठ ठरवतं. शिवाय भाचीचा निकालच लागलेला नाही, म्हणजे 15 डिसेंबरच्या आत पुऱ्या पदवीचं मूल्यांकन कुठून आणणार? तेव्हा लाल ओळीशी भांडू नका. विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला चार ओळींची मेल करायला सांगा. तिने स्वतः करायची. भावाने नाही आणि तुम्हीही नाही.

आणि आपल्याकडेच कशाला? इंग्लंडात पदवी मुळात तीन वर्षांची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं एम.एस्सी. कॉम्प्युटिंग किंवा यूसीएलचं एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स दुसऱ्या विषयांतून येणाऱ्यांसाठीच आहे. वर्षभरात संपतं. फी मात्र बघून घ्या आणि आधी बसून घ्या.

काकू (खजिनदार)
9 डिसेंबर

शिक्षणाच्या चौकशीसाठी मंडळाने उपसमिती नेमलेली आहे. असल्या मेल तिकडे पाठवाव्यात असं वार्षिक सभेत ठरलं होतं. संक्रांतीच्या हॉलची अनामत अजून सात घरांकडून यायची आहे, त्यावर कुणी एक ओळ लिहीत नाही.

माई, तुम्ही कालनिर्णय आणणार होता. संख्या कळवा.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आमचे हे पुणे विद्यापीठातून एम.एस्सी. मॅथ्स झालेले. पहिल्या सेमिस्टरला प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटने रडकुंडीला आले होते. सिद्धता बरोबर, प्रोग्राम चालेना. रात्री दोनला लॅबमधून फोन, 'परत येऊ का गं?' तेव्हा नुसतं गणित येतं म्हणून सगळं येतं, असं आबांनी समजू नये.

बापू
9 डिसेंबर

काकू, उपसमितीची शेवटची बैठक कोविडच्या आधी झाली. त्यात तीन जण होते. त्यातले दोघे आता दुसऱ्या राज्यात राहतात आणि तिसरा मी.

नाना (कायमचे परत, कोथरूड)
10 डिसेंबर, सकाळी

लिस्टवरून माझं नाव काढलं नाहीत म्हणून लिहितो.

बापू, एमसीए हा एकच रस्ता नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं (सीएमआय) एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आहे, दोन वर्षांचं. बी.एस्सी. मॅथ्सला घेतात, त्यांची स्वतःची लेखी परीक्षा असते. सिद्धता लिहिता येणाऱ्या मुलीला ती परीक्षा सीईटीपेक्षा मानवेल. थिअरीकडे वळली तर अभ्यंकर, क्नुथ सगळे उपयोगाला येतील, म्हणजे आबाही खूश.

आता एम.टेक.साठीची गेट परीक्षा कुणी सुचवेल, तर तिच्याबद्दल गैरसमज नको. तिसऱ्या वर्षात देता येते हे खरं. पण कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात 100 पैकी गणिताचे 13, ॲप्टिट्यूडचे 15, बाकी 72 शुद्ध विषयाचे. गणितावर तरून जाता येत नाही. 2024 पासून डेटा सायन्सचा वेगळा पेपर निघालाय, त्यात प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा भरपूर, तो तिला जवळचा. तरी स्कोअर आला म्हणजे एम.टेक. मिळालं असं नाही. बहुतेक आयआयटी त्यासाठी बी.ई. किंवा एम.एस्सी., एमसीए अशी पदवी मागतात. म्हणजे फिरून तिथेच.

माई, रविवारी तिला माझ्याकडे पाठव. अप्पा बळवंत चौकातून अल्गोरिदम्सचं जुनं पुस्तक घेऊन ये म्हणावं, नवं घेऊ नको. भाऊ नको बरोबर.

आबा
10 डिसेंबर

नाना, कोथरूडला परत गेल्यापासून मराठी सुधारलं तुझं. पाणी येतं का रे वेळेवर?

माईच्या अकाउंटवरून
11 डिसेंबर

नमस्कार, मी भाची. आत्याने सगळ्या मेल वाचून दाखवल्या.

अक्कामावशी, मी मेल केली होती, काल रात्री उत्तर आलं. तीन वर्षांची पदवी त्यांना चालत नाही. मूल्यांकन आणलं तरी नाही. चौथं ऑनर्सचं वर्ष पूर्ण करत असशील तर त्या वर्षी अर्ज कर आणि तेव्हा 'होय' दाब, असं लिहिलंय. संगणकाचे निदान दोन विषय, डेटा स्ट्रक्चर्स धरून, ग्रेडसकट दाखव, असंही. म्हणजे बापूकाका बरोबर होते. बाबांना वाचून दाखवलं. ते 'बरं' म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

हा अर्ज मी सोडून देतेय. सीएमआयचा भरणार. तिथे झालं नाही तर कॉलेजात चौथं वर्ष आणि सोबत एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) दोन कोर्स, परीक्षेसकट.

आबाआजोबा, गणित मला आवडतंच. पण ग्राफ थिअरीच्या तासाला सरांनी सर्वांत जवळची वाट असतेच हे सिद्ध केलं आणि फळा पुसला. ती शोधायला किती वेळ लागतो असं मी विचारलं, तर म्हणाले, तो आपला विषय नाही. मला तोच विषय हवाय.

नानाकाका, रविवारी दहाला आले तर चालेल का? पुस्तक मिळालं, पण मधली वीसेक पानं गायब आहेत.

माई
11 डिसेंबर

काकू, कालनिर्णय बाराच मिळतील, बॅगेत तेवढीच जागा आहे. ज्यांची अनामत आलीय त्यांना आधी.