व्हिज्युअल वेबपेज एडिटर : रिव्ह्यूवाले चुकीचंच मोजतायत का?

रानवाट : ड्रॅग करून पान बनवायचे एडिटर आता ढीगभर आहेत, विक्स, वेबफ्लो, वर्डप्रेसचं गुटेनबर्ग, एलेमेंटॉर. कुठलाही रिव्ह्यू उघडा, कौतुक एकाच गोष्टीचं, पहिलं पान किती पटकन उभं राहिलं. मला हे मुळातच पटत नाही. एडिटर मागे कसला कोड सोडतो आणि उद्या तो एडिटरच सोडायचा म्हटलं तर हाती काय लागतं, हे बघा ना! आणि हे नवशिक्यासाठीच जास्त बघायला हवं, कारण जाणकार माणूस कसाही निस्तरून घेतो, नवशिका तिथेच अडकून पडतो. काय म्हणता?

पानवाला_बाबू : अजिबात नाही पटलं. नवशिक्याला पान हवंय, कोड नकोय. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये केलेला पहिला ब्राउझर हा एडिटरसुद्धा होता, त्याच खिडकीत पान वाचायचं आणि त्यातच लिहायचं. हाताने एचटीएमएलचे (पान ज्या कोडमध्ये लिहितात त्याचे) टॅग लिहिले तरच खरं, हे नंतर कोणी ठरवलं?

डिवमुक्त : तेव्हा पान म्हणजे मजकूर आणि लिंका हो, लेआउट होता कुठे. घोळ लेआउटपासून सुरू झाला. एलेमेंटॉरच्या जुन्या पद्धतीत साधं एक बटण टाका आणि ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये पानामागचा कोड बघा, सेक्शन, त्यात कंटेनर, त्यात कॉलम, त्यात रॅप, त्यात विजेट, त्याच्या आत अजून कंटेनर आणि मग कुठे ते बटण! २०२२ मध्ये त्यांनी फ्लेक्सबॉक्सवाला (लवचिक मांडणीचा) नवा कंटेनर आणला तेव्हा हे कमी झालं, पण जुनी पानं आपोआप थोडीच सुधारतात.

पानवाला_बाबू : वाचणाऱ्याला हे डिव, म्हणजे कोडमधले एकात एक डबे, दिसतात का? पान उघडलं, फोन नंबर सापडला, काम झालं.

डिवमुक्त : दिसत नाहीत पण स्वस्त फोनवर जाणवतात ना. गूगलचं पान तपासायचं साधन लाइटहाउस, ते एलिमेंट फार झाले की इशारा देतं ते काय उगाच?

शीर्षक_सांभाळा : दोघंही एक गोष्ट विसरताय. नवशिका अक्षर मोठं दिसावं म्हणून एच-टू (दुसऱ्या पातळीचं हेडिंग) निवडतो, बारीक हवं म्हणून थेट एच-फाइव्ह (पाचव्या पातळीचं), कारण एडिटरने ती यादी आकारासारखीच समोर ठेवलेली असते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा माणूस हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत पान वाचतो, त्याला हे पान म्हणजे पायऱ्या गायब असलेला जिना. क्रम चुकला की तिथल्या तिथे टोकणारा एडिटर मला दिसायला ओबडधोबड असला तरी चालेल.

ग्रिडवेडी : मी रोज हाताने सीएसएस (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारा कोड) लिहिते आणि तरी व्हिज्युअल एडिटरच्या बाजूने आहे, अर्थात सगळ्या नाही. वेबफ्लोमध्ये मार्जिन, पॅडिंग, फ्लेक्स, ग्रिड ही नावं जशीच्या तशी समोर असतात, त्यामुळे वापरता वापरता माणूस सीएसएसच शिकतो. जाणकारांनी नाक मुरडायचं कारण नाही.

रानवाट : मान्य, पण बाहेर पडताना? वेबफ्लोमधून कोड एक्सपोर्ट होतो, पण फॉर्म आणि सीएमएसमधला (मजकूर साठवायच्या यंत्रणेतला) मजकूर त्या कोडबरोबर चालत नाही. शॉर्टकोडवाला (चौकोनी कंसातल्या खुणांवर चालणारा) बिल्डर बंद केला की लेखभर चौकोनी कंसांचा कचरा उरतो. गुटेनबर्गचा मजकूर मात्र साध्या एचटीएमएलमध्येच राहतो, ब्लॉकच्या खुणा कॉमेंटमध्ये असतात, म्हणून दिसायला कितीही रटाळ वाटलं तरी मी नवशिक्याला तेच सुचवीन. मायक्रोसॉफ्टचा जुना एडिटर फ्रंटपेज आठवा, त्याचे काउंटर आणि फॉर्म सर्व्हरवर फ्रंटपेजची एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) असली तरच चालायचे, २००६ मध्ये फ्रंटपेज गुंडाळलं गेलं आणि त्यावर विसंबलेल्यांना ते सगळं बदलावं लागलं.

पानवाला_बाबू : ठीक आहे, बाहेर पडायची वाट बघून घ्यावी हे मानतो. पण ज्याला चार पानं लावून आपल्या कामाला लागायचंय त्याला आधी डिव मोजायला बसवलंत तर तो ती चार पानंसुद्धा लावणार नाही, आणि माझ्या मते ते नुकसान जास्त मोठं आहे.

शीर्षक_सांभाळा : डिव नका मोजू. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने पानभर फिरा, मेन्यू आणि फॉर्मपर्यंत पोचता आलं नाही तर तो एडिटर मी कोणालाच सुचवणार नाही, नवशिक्यालाही नाही.