कर्ज फेडायचंय, आधी कुठलं फेडू? आणि सोबत कोणी आहे का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो, मिस्टर अंबडला एका कंपनीत आहेत, मी घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम करते. दोघांचं मिळून हातात साधारण ४१ हजार येतात. गेल्या वर्षी सासऱ्यांची बायपास झाली, इन्शुरन्सवाल्यांनी अर्ध्याच्या वर क्लेम नाकारला, आणि त्याच सुमारास कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला. तेव्हा जिथून मिळेल तिथून पैसे उभे केले. आता परिस्थिती अशी आहे की क्रेडिट कार्डाचे १ लाख ३५ हजार, पर्सनल लोनचे २ लाख १० हजार बाकी (हप्ता ७,४००), माझ्या पाटल्या ठेवून घेतलेलं गोल्ड लोन ९० हजार आणि मोबाइलवरच्या एका ॲपचे १८ हजार. कार्डाचा मिनिमम दर महिन्याला न चुकता भरतो तरी आकडा हलतच नाही, हेच मला कळत नाहीये.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे आधी कुठलं फेडायचं. आणि दुसरं, इथे कोणी असं आहे का जे आत्ता फेडतंय, म्हणजे आपण दर महिन्याला एकमेकांना आकडा सांगू शकू? घरात सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही, माहेरी सांगावंसं वाटत नाही, आणि मे महिन्यात नणंदेच्या मुलाचं लग्न आहे. मिस्टर मामा आहेत, मामाकडून काय अपेक्षा असते ते तुम्हाला माहितीच आहे. रात्री झोप लागत नाही हो.

निवृत्त_बँकवाला:
ताई, सगळं नीट मांडून लिहिलंत हे फार चांगलं केलंत, बरेच लोक आकडा कागदावर घेतच नाहीत. कार्ड का हलत नाही ते सांगतो. तुमच्या स्टेटमेंटवर व्याज महिन्याला किती ते बघा, बहुतेक साडेतीन टक्क्यांच्या आसपास असेल. १ लाख ३५ हजारावर साडेतीन टक्के म्हणजे ४,७२५, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ८५०. झाले ५,५७५. मिनिमम साधारण ५ टक्के धरला तर तुम्ही ६,७५० भरता, त्यातले मुद्दलात जेमतेम ११७५ जातात. आणि त्याच कार्डावर किराणा, पेट्रोल चालू असेल तर तेही राहत नाहीत, कारण आधीची बाकी पूर्ण भरलेली नसताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून पहिलं काम, कार्ड वापरणं आजपासून बंद. नुसतं कपाटात ठेवू नका, बँकेच्या ॲपमधून कार्डाचे व्यवहारच बंद करून ठेवा.

आता गोल्ड लोन बघा. वर्षाला १० टक्के दर धरला तरी ९० हजारावर महिन्याला साडेसातशे रुपये व्याज. तेव्हा सोनं ठेवलंय म्हणून आधी ते सोडवू असं मनात येणं साहजिक आहे पण हिशोबाने ते सगळ्यात शेवटी येतं. उलट सोन्याचा भाव तुम्ही गहाण ठेवल्यापासून वाढला असेल तर त्याच पाटल्यांवर टॉपअप, म्हणजे वाढीव कर्ज, मिळतो का ते शाखेत विचारा. जेवढा मिळेल तेवढा सरळ कार्डात भरा. कार्डाचं वर्षाला ४२ टक्क्यांचं कर्ज १० टक्क्यांवर आलं म्हणजे महिन्याला हजारो रुपये वाचतात. उरलेल्या कार्डाच्या रकमेचा बँकेकडून ईएमआय करून घ्या, दर कमी असतो, फक्त प्रोसेसिंग फी किती ते आधी विचारा. आणि बाकी शून्य झाली की कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. अर्जानंतर सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.

एकच सावधगिरी: गोल्ड लोनची मुदत बहुतेक वर्षाची असते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. निदान व्याज भरून नूतनीकरण झालंच पाहिजे, नाहीतर लिलावाची नोटीस येते.

ठाणे_लोकल:
काकांनी हिशोबाचं सांगितलंच आहे, मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो कारण तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आम्ही ऑफिसातले चार जण असंच करतो. कोणाचं पर्सनल लोन, कोणाचं कार्ड, एकाचं गावाकडे काकांकडून घेतलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच्या घरी चहाला बसतो, प्रत्येकाची वही असते आणि प्रत्येकजण तीन आकडे मोठ्याने वाचतो, मागच्या महिन्याची बाकी, या महिन्याची बाकी आणि फालतू गेलेला खर्च. बस. सल्ला कोणी मागितला तरच द्यायचा. सुरुवातीला फार अवघड जातं, आकडा बोलताना आवाज निघत नाही, पण समोरचाही तेच वाचणार असतो त्यामुळे दोन-तीन बैठकांत लाज जाते आणि लाज गेली की माणूस खरा हिशोब मांडायला लागतो.

नियम दोन-तीनच ठेवलेत पण ते मोडत नाही. आपसात उसने पैसे द्यायचे नाहीत, कोणी कोणाला जामीन राहायचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे, एकदा पैसा मध्ये आला की आकडे खरे सांगितले जात नाहीत. आणि दोन हजारांच्या वरचा कुठलाही खर्च असेल (दवाखाना सोडून) तर ग्रुपवर टाकायचा आणि एक रात्र थांबायचं. निम्मे खर्च सकाळी आपोआप रद्द होतात, खरं सांगतो.

मध्ये आमच्यातल्या एकाची नोकरी गेली, त्याचा आकडा चार महिने वाढतच होता. तो यायचं टाळत होता, तर आम्ही बैठक त्याच्याच घरी ठेवली. त्याची बायको पहिल्यांदा त्या दिवशी बसली आणि तिनेच मग घराचा खर्च हातात घेतला. आता तो परत खाली येतोय. त्यामुळे ताई, सासूबाईंना सांगा असं माझं स्पष्ट मत आहे. घरात एकाला माहीत नसलं की तेवढ्या बाजूने खर्च चालूच राहतो, त्यात त्यांचा काही दोष नसतो.

साताऱ्याची_सून:
मी गावाकडची बाजू सांगते. आमचा बचत गट उमेदमधला, म्हणजे राज्य सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला आहे, आम्ही बारा जणी, महिन्याला दोनशे रुपये बचत. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं तर महिन्याला दोन टक्के व्याज. ऐकायला जास्त वाटतं, वर्षाचे चोवीस टक्के होतात, पण ते व्याज कुठल्या सावकाराच्या घरात जात नाही, गटाच्याच खात्यात राहतं. माझ्या जावेने खाजगी सावकाराचं महिना दहा टक्क्यांचं कर्ज गटातून पैसे उचलून मोडलं, आणि तिला पैशापेक्षाही गटाचा आधार जास्त झाला. हप्ता चुकला की दोघीतिघी तिच्या घरी जाऊन विचारायच्या, काय झालं गं, पोरं आजारी आहेत का. ओरडायला कोणी जात नव्हतं.

पण यात एक फरक नीट लक्षात घ्या. मायक्रोफायनान्सच्या कंपन्याही बायकांचे गट करतात आणि तिथे एकीने भरलं नाही की बाकीच्यांना बसवून ठेवतात. आमच्या गावात एकेका बाईने तीन-तीन चार-चार कंपन्यांचे उचललेत, एकाचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. नियमाने घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ते होत असतील तर असं कर्ज देताच येत नाही, आणि मुदतीआधी फेडलं तर दंडही लावता येत नाही. हे बायकांना कोणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. ताई, तुम्हाला कोणी "गटातून पटकन पन्नास हजार" म्हणालं तर आधी बघा, आपली बचत असलेला गट आहे की कंपनीचा. शहरातही बचत गट असतात, महापालिकेत चौकशी करा.

आणि सावकाराचं म्हणाल तर परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी लिहून ठेवते.

हिशोबवही:
ते ॲपवालं १८ हजाराचं मात्र मी सगळ्यात आधी संपवेन. काका व्याजाच्या क्रमाने म्हणतायत ते बरोबरच आहे पण ही ॲपं माणसाचं डोकं खातात. आधी ते ॲप कुठल्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) आहे ते करारात बघा. नाव सापडत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार करा. तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी मागणंच नियमात बसत नाही, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आत्ताच काढून टाका. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं तर अजिबात नाही. झालं असं काही तर कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा, आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला एक पैसा लागत नाही. फोटो मॉर्फ करायची, म्हणजे फोटोत फेरफार करून पसरवायची धमकी आली तर सरळ १९३० (सायबर हेल्पलाइन) आणि पोलीस.

आणि "आम्ही तुमचं कर्ज निम्म्यात सेटल करून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. सेटलमेंट बँकेशी स्वतः बोलूनही होते, पण सिबिलवर सेटल्ड असा शेरा सात वर्षं राहतो, पुढे घराचं कर्ज घ्यायचं असेल तर त्रास होतो. तुमचे हप्ते चुकलेले नाहीत, तुम्हाला त्या वाटेला जायची गरजच नाही.

पळसाचं_पान:
घरखर्चावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. सासऱ्यांच्या गोळ्या कायमच्या असतील ना? डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात दर विचारा, हृदयाच्या आणि बीपीच्या गोळ्यांत फार फरक पडतो. पुढे दवाखान्याचं काही निघालंच तर महात्मा फुले योजनेत हॉस्पिटल बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं, तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना मोफत, तर लग्नाला भाड्याची गाडी करू नका.

धान्य एप्रिल-मेमध्ये वर्षाचं भरता आलं तर बघा, नाही जमलं तर दोन शेजारणी मिळून कट्टा घ्या. मी एक करते, महिन्याच्या १ तारखेला भाजी, दूध, गॅस, रिक्षा असे पैसे पाकिटांत घालते. यूपीआयने पैसे गेलेले कळत नाहीत, नोट हातातून जाताना कळतं.

आणि लग्नाचं. ताई, नणंदेला आत्ताच, लग्नाच्या खूप आधी, मिस्टरांनी स्वतः जाऊन सांगू दे की वडिलांच्या आजारपणात कर्ज झालंय, यंदा आहेर साधा असेल पण चार दिवस आधी येऊन पडेल ते काम करू. वडील तिचेही आहेत. मांडवात कमी आहेर दिसला तर मन दुखतं, आधी सांगितलं तर बहीण समजून घेते. आमच्याकडे हेच केलं आणि नणंदेनेच बाकीच्यांना परस्पर गप्प केलं.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. काल रात्री आम्ही दोघांनी बसून सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या माझ्या पोस्टातल्या ठेवीची मुदत दिवाळीत संपतेय ती घ्या. आम्ही नाही म्हटलंय, त्यांच्यासाठी तेवढंच आहे. पण ॲपचं फेडायला या महिन्यात केबल बंद, बाहेरचं खाणं बंद, आणि भिशीचा माझा नंबर पुढच्या महिन्यात आहे ते वीस हजार सरळ त्यातच. नणंदेकडे रविवारी जातोय.

दर महिन्याच्या ५ तारखेला मी इथे आकडा लिहीन. आजचा एकूण ४ लाख ५३ हजार. काका, टॉपअपला जाताना काय काय न्यायचं? पाटल्या तर त्यांच्याकडेच आहेत.

निवृत्त_बँकवाला:
मूळ पावती, आधार, पॅन आणि पासबुक. ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यालाच जावं लागेल, सहीसाठी. सोनं परत तपासायला लागलं तर व्हॅल्युअर रोज असतोच असं नाही, आधी फोन करून जा. टॉपअपचे पैसे खात्यात आले की त्याच दिवशी कार्डात भरा, एक रात्रही खात्यात ठेवू नका. आणि सासूबाईंच्या ठेवीला हात लावला नाहीत ते योग्य केलंत.

ठाणे_लोकल:
५ तारीख पक्की. माझा आकडा पण इथेच टाकतो, आज १ लाख ८२ हजार. आमच्या चौघांपैकी अजून एकजण येतोय, त्याला मी लिंक पाठवलीय.

मुळा_मुठा:
मी नुसतंच वाचत होतो, पण मलाही घ्या. कार्डं दोन, मिळून ९६ हजार. घरी अजून सांगितलेलं नाहीये, या शनिवारी सांगणार आहे.