शालेय कुस्तीत विभागापर्यंत गेलेला मुलगा कॉलेजात खेळू शकेल का?

गिरणाकाठ:
भाचा अकरावीला आहे, चाळीसगावकडे. मागच्या वर्षी 17 वर्षांखालील फ्रीस्टाइलला (पाय धरता येतात ती कुस्ती) 60 किलोत जिल्ह्यात पहिला आला. नाशिक विभागात दुसऱ्याच कुस्तीत 10-0 ने गेला, दीड मिनिटही लागलं नाही. वजन आता 63. तालीम मातीची, गादी फक्त स्पर्धेपुरती बघितलेली. विद्यापीठाकडून आत्ताच खेळता येतं का? एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, कॉलेज निवडताना काय बघायचं? आणि वाव किती, तेही गोड न बोलता सांगा.

पंचाची_शिट्टी:
आप्पा, आत्ता नाही. अकरावी-बारावीची पोरं शालेय स्पर्धेच्या 19 वर्षांखालील गटात खेळतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, पुढे राष्ट्रीय. विद्यापीठाची वाट पदवीला प्रवेश घेतल्यावरच सुरू होते. त्यासाठी नियमित विद्यार्थी पाहिजे, बाहेरून फॉर्म भरलेला चालत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय 17 ते 25 लागतं.

वाव मोजायचा तर जागा मोजा. पुरुष फ्रीस्टाइलला 10 वजनगट, ग्रीको रोमनला (कंबरेखाली पकड चालत नाही ती कुस्ती) 10, मुलींच्या फ्रीस्टाइलला 10. विद्यापीठाच्या संघात प्रत्येक गटाला एकच मल्ल. आपलं बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार एवढे तीनच जिल्हे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात 65 किलोला जी रांग असते, ती इथे नसते. जिल्ह्यात पहिला आलेल्या पोराने तीन वर्षं तालीम सोडली नाही, तर संघात जागा मिळणं शक्यतेतलं आहे. मात्र पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठासारख्या संघांचे मल्ल समोर येतात, आणि ते लहानपणापासून गादीवर खेळलेले. संघात येणं आणि तिथे पदक मारणं यात फार अंतर आहे, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कॉलेज बघताना जाहिरातीतले कप बघू नका. तिथल्या क्रीडा संचालकांना तीनच प्रश्न विचारा: गादी आहे का, आठवड्यात किती दिवस अंथरली जाते, आणि मागच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीनला किती वजनगटांत पोरं उतरवली. गादी स्टोअररूममध्ये गुंडाळून ठेवलेली दिसली तर पुढचं कॉलेज.

भारंदाज:
दीड मिनिटात 10-0 म्हणजे पोरगा भारंदाजात गेला, म्हणजे खाली पडल्यावर मागून कंबर धरून गादीवर लोळवला, पैजेवर सांगतो. हिशोब बघा. पट काढून, म्हणजे पाय धरून, खाली घेतला, 2 गुण. मग कंबरेला मिठी मारून एकामागून एक चार भारंदाज, प्रत्येकी 2. झाले 10, एवढी आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठतेवर कुस्ती संपली. ग्रीकोत तर 8 वरच संपते.

मातीतल्या पोरांचं हेच होतं. यात्रेच्या दंगलीत पाठ टेकेपर्यंत काही बिघडत नाही, म्हणून खाली गेलेला मल्ल पालथा पडून दम खातो. गादीवर पाठ 90 अंशांच्या आत फिरली की क्षणभरासाठीही 2 गुण जातात. खाली गेल्यावर पहिल्या दोन सेकंदांत काय करता त्यावर सगळं असतं: कोपरं फासळ्यांना चिकटवायची, पोट आणि कंबर गादीला दाबायची, गुडघे रुंद करायचे, समोरच्याचे हात फासळ्यांखाली एकमेकांत अडकायच्या आत त्याचं एक मनगट धरायचं. मिठी बसली असेल तर तो ज्या बाजूला फिरवतोय त्याच्या उलट कंबर सरकवायची. बहुतेक पोरं हातानेच मिठी सोडवत बसतात आणि कंबर मोकळी सोडतात, तिथेच फिरतात.

रोज तालमीच्या शेवटी, अंग थकलेलं असताना, 30 सेकंदांचे आठ डाव फक्त यावर. एक वर, एक खाली, पंच नाही. गादी नसली तरी हे मातीवर चालतं.

दम वेगळा कमवावा लागतो. त्याच्या 17 च्या गटात 2 मिनिटांच्या दोन फेऱ्या होत्या, मोठ्यांच्या 3 मिनिटांच्या दोन, मध्ये 30 सेकंद विश्रांती. पहिली फेरी जिंकून दुसरीत उभं राहता न येणारे खूप असतात.

गिरणाकाठ:
बरोब्बर, चार वेळा फिरवला होता! आता वजनाचं सांगा. 61 ला उतरवू की 65 ला? कोणी म्हणतं ग्रीकोत गर्दी कमी, तिकडे वळव.

काळं_रान:
65 ला. वाढत्या वयाच्या पोराला 61 वर आणाल तर ताकद जाईल आणि पुढच्या वर्षी ते वजन तसंही राहणार नाही. वजन हल्ली स्पर्धेच्या सकाळीच होतं, रात्रभर खाऊन भरून काढायला वेळ मिळत नाही. 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट 50 किलोत फायनलच्या सकाळी 100 ग्रॅमने बाद झाली. काट्याला नात्यागोत्याची ओळख नसते.

अर्धा-पाऊण किलो जास्त भरलं तर आदल्या दोन दिवसांत शेवभाजी, पापड, लोणचं बंद, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. पाणी मात्र तोडू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 ला जातो, अशात प्लास्टिक घालून पळवणं म्हणजे पोराला दवाखान्यात नेणं. वजन झालं की एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, घोटघोट. सोबत केळी, ती तर रावेरकडून ट्रकने मिळतात. लगेच भरीत-भाकरी नको, कुस्तीत पोटात गोळा उठतो. लघवीच्या गोळ्या मुळीच देऊ नका. त्यातलं फ्युरोसेमाइड डोपिंगच्या बंदी यादीत आहे, सापडला तर खेळच थांबतो.

आणि वजनाच्या वेळी डॉक्टर अंगही बघतात. गजकर्ण दिसलं तर उतरू देत नाहीत. महिनाभर आधी औषध सुरू करा, टॉवेल वेगळा ठेवा, नखं कापलेली असू द्या.

ग्रीकोबद्दल: गर्दी कमी हे खरं, पण कंबरेखाली हात लावायचा नाही हे अंगात भिनायलाच एक वर्ष जातं. पोराचा पट चांगला असेल तर त्याचं हत्यारच काढून घ्याल. ढाक आणि टांगेविना उचल बसत असेल तरच विचार करा.

भारंदाज:
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. ग्रीकोची कंबरेवरची झुंज फ्रीस्टाइललाही कामी येते. आठवड्यातून एक दिवस नुसत्या छातीला छाती लावून धरा, गट फ्रीस्टाइलचाच ठेवा.

पंचाची_शिट्टी:
घरच्यांसाठी एक मुद्दा. आपल्याच तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी 2014, 2015, 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, पुढे पोलीस उपअधीक्षक. पण ते उदाहरण मोजमापाला धरू नका. कामाची गोष्ट सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण. दंगलीचं इनाम, गदा, फेटा त्यात धरत नाहीत, पात्र स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावं लागतं. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न अक्षर जुळली पाहिजे. विभागाचं प्रमाणपत्र आजच काढून तपासा, वडिलांच्या नावात काना-मात्रेची चूक हमखास निघते.