रुग्णालयाच्या विस्तारासाठी जुनी वस्ती पाडावी का?

धागालेखिका :

ऐतिहासिक वस्तीला लागून असलेल्या रुग्णालयाला जागा अपुरी पडू लागली की पहिली नजर शेजारच्या घरांवर जाते, आणि त्याला विरोध करणाऱ्यांना रुग्णांच्या जिवाची पर्वा नाही असे ठरवले जाते. माझा विरोध रुग्णालयाला नाही. ज्या विभागांना शस्त्रक्रियागृहाच्या जवळ असण्याचे काहीच कारण नाही, त्यांच्यासाठी घरे पाडण्याला आहे. वाहनतळ, प्रशासकीय कार्यालये, अभिलेख कक्ष आणि धुलाईघर यांना किती जागा दिली आहे, हे विस्ताराच्या आराखड्यातून वेगळे काढून दाखवावे, एवढीच माझी पहिली मागणी आहे.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे उदाहरण मला अस्वस्थ करते. तेथील चॅरिटी रुग्णालयाची १९३९ सालची भव्य इमारत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बंद ठेवण्यात आली. ती आतून नव्याने उभारून वापरता येईल, असा अहवाल वास्तुरचनाकारांनी २००८ मध्ये दिला होता. तरीही नव्या रुग्णालयांसाठी ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या मिड-सिटी भागातील सुमारे ७० एकर वस्ती मोकळी करण्यात आली. वादळातून सावरून ज्यांनी आपली घरे पुन्हा उभी केली होती, त्यांनाही ती सोडावी लागली.

प्रतिसाद, शल्यचिकित्सक :

आपली कळकळ मला समजते, पण जवळ असणे ही रुग्णालयाची चैन नसते. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला तातडीच्या विभागातून क्ष-किरण विभागाकडे, तेथून शस्त्रक्रियागृहात आणि मग अतिदक्षता विभागात न्यायचे असते. कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णाला रस्त्यापलीकडे हलवणे हाच एक धोका असतो. जुन्या इमारतीत हे बसवता येत नाही, कारण शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला सुमारे २० वेळा बदलावी लागते, त्यासाठीचे रुंद हवानलिका-मार्ग छताच्या वर न्यावे लागतात, आणि किरणोपचार यंत्राभोवती तर मीटरभराहून जाड काँक्रीटच्या भिंती लागतात.

विलंबाचीही किंमत असते. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये १८४९ पासून सेवा देणाऱ्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाला नवी इमारत बांधायची होती. वारसा जतनाच्या सुनावण्या लांबल्या, आणि ३० एप्रिल २०१० रोजी ते रुग्णालयच बंद झाले. आज त्या जागेवर श्रीमंतांची घरे आहेत.

धागालेखिका :

डॉक्टर, हवा आणि भिंतींबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. म्हणूनच ते विभाग रुग्णालयाच्या मूळ आवारात, उंच वाढवून बांधावेत आणि कार्यालये तेथून बाहेर काढावीत, असे मी म्हणते. सेंट व्हिन्सेंटबद्दल मात्र अर्धीच हकिकत सांगितली गेली आहे. न्यूयॉर्कच्या वारसा आयोगाने ऑक्टोबर २००८ मध्ये रुग्णालयाची अडचण मान्य करून त्याच्या ओ'टूल इमारतीच्या पाडकामाला परवानगी दिली होती. रुग्णालय बुडाले ते कर्जामुळे. आवारातील जुन्या इमारतींची जागा विकासकाला निवासी सदनिकांसाठी विकणे हा तर मूळ योजनेचाच भाग होता. आणि रुग्णालयासाठी निरुपयोगी म्हणून जी ओ'टूल इमारत पाडून तेथे नवे रुग्णालय बांधायचे होते, ती १९६४ ची इमारत आजही उभी आहे आणि २०१४ पासून तिच्यात तातडीचे वैद्यकीय केंद्र चालते.

प्रतिसाद, नगररचनेचा अभ्यासक :

मी धागालेखिकेच्या बाजूने आहे, पण माझा मुद्दा निराळा आहे. वस्ती एका दिवसात पाडली जात नाही. संस्था एकेक घर विकत घेते, ते रिकामे ठेवते, छत गळू देते आणि काही वर्षांनी तेच घर मोडकळीस आले म्हणून पाडण्याचा अर्ज करते. शेजारच्या माणसाला आपल्या घराचे भविष्य दिसू लागते आणि तोही डागडुजी थांबवतो. त्यामुळे विस्ताराची हद्द नकाशावर लेखी आणि कायमची ठरवून घेतल्याशिवाय पहिल्या घरालाही संमती देऊ नये.

प्रतिसाद, परिचारिका :

रात्रपाळीत मार्गिकेत खाट टाकून झोपवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हद्द ठरेपर्यंत त्यांनी तेथेच पडून राहायचे का? नातेवाईक ज्या मार्गिकेतून येजा करतात तेथे रुग्णाचे अंग पुसावे लागते, याची लाज मलाच वाटते. कार्यालये बाहेर जाणार असतील तर ती आजच जावीत आणि त्या खोल्यांत खाटा लावाव्यात. त्यासाठी कोणत्याही नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.

प्रतिसाद, शल्यचिकित्सक :

परिचारिकाताईंचे म्हणणे मला पटते आणि ते मी आमच्या बैठकीत मांडेन. ओ'टूल इमारतीबाबत मात्र एक लक्षात घ्यावे, की तेथे आज तातडीचे केंद्र आहे, पूर्ण रुग्णालय नाही. दीर्घ उपचारांची गरज असलेल्या रुग्णाला तेथून दुसरीकडे न्यावेच लागते. उंच बांधण्याचा पर्याय मी नाकारत नाही, पण चालू शस्त्रक्रियागृहावर मजले चढवताना खालचे काम महिनोन्‌महिने बंद राहते. त्या काळात रुग्ण कोठे जातील, याचे उत्तर आपल्या आराखड्यात हवे.

धागालेखिका :

ते उत्तर देणे माझ्यावर बंधनकारक आहे, हे मी मानते. टप्प्याटप्प्याने, आधी रिकाम्या झालेल्या कार्यालयांच्या भागावर बांधकाम आणि मग शस्त्रक्रियागृहांचे स्थलांतर, असा क्रम शक्य आहे का, हे आपणच तपासून सांगावे. विभागवार जागेची यादी तेवढी त्यासोबत द्यावी.