शब्दचर्चा: टाळेबंदी, ले-ऑफ की क्लोजर? आणि नोटीस 'लावली' की 'दिली'?

बोरूबहाद्दर: कामगार-मालक वादाच्या एकाच बातमीत 'कंपनीत टाळेबंदी', 'कामगारांना ले-ऑफ' आणि 'कंपनी बंद' असे तीन शब्द येतात. तिन्ही एकच समजायचे का? शिवाय 'व्यवस्थापनाने नोटीस दिली' असं असतं, पण कोणाला दिली ते नसतं. नेटवर 'टाळेबंदी' शोधावं तर 2020 चा करोनाच पुढे येतो.

हजेरीपट: एकच नाहीत. शब्द बदलला की पगाराचा हिशेब बदलतो.

टाळेबंदी म्हणजे मालकाने तात्पुरतं काम थांबवणं किंवा माणसांना कामावर घ्यायला नकार देणं. कामगारांच्या हाती संप, तशी मालकाच्या हाती टाळेबंदी. कुलूप लागलंच पाहिजे असं नाही. गेट उघडं आहे, ऑफिसचा स्टाफ आत आहे, पण पाळीच्या माणसांना पंच करू देत नाहीत, तरी ती टाळेबंदीच. उलट कर्ज थकलं म्हणून बँकेने कारखान्याला सील ठोकलं, तर कुलूप आहे पण टाळेबंदी नाही.

ले-ऑफ म्हणजे काम देता येत नाही म्हणून मालकाने कामगाराला तात्पुरतं बसवणं. त्याची कारणं कायद्याने मोजून दिली आहेत: कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल पडून आहे, मशिन बिघडलं, नैसर्गिक आपत्ती, किंवा यांच्याशी संबंधित काही. कामगाराचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) राहतं. पाळीच्या वेळेला हजर झालेल्या माणसाला दोन तासांत काम दिलं नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरतात. भरपाई मूळ पगार अधिक महागाई भत्ता याच्या निम्मी. त्यासाठी कारखान्यात 50 कामगार आणि कामगाराची सलग एक वर्षाची सेवा लागते. बदली (दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या) आणि कॅज्युअल (नैमित्तिक) कामगारांना ती मिळत नाही.

क्लोजर म्हणजे कायमचं बंद, अख्खा कारखाना किंवा त्याचा एखादा भाग. मराठीत नुसतं 'बंद' लिहिलं की तात्पुरतं की कायमचं ते कळत नाही, म्हणून 'कायमस्वरूपी बंद' लिहावं.

तिसरी पाळी: यात पुण्याच्या आयटीवाल्यांनी भर घातली आहे. त्यांचा 'लेऑफ' अमेरिकेतून आलेला, म्हणजे नोकरी गेली. आपल्या कायद्यात त्याला कामगार कपात म्हणतात. तिथे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि सर्वसाधारणपणे शेवटी आला तो आधी जाणार. कारखान्याच्या बातमीत 'ले-ऑफ' वाचून माणसं कामावरून काढली असं समजू नये. ती अजून मस्टरवर असतात.

बोरूबहाद्दर: मग मालक टाळेबंदीला ले-ऑफ का म्हणतो?

हजेरीपट: टाळेबंदी जाहीर करायला आधी 14 दिवसांची नोटीस लागते. छोट्या कारखान्याला ले-ऑफला आधी परवानगी लागत नाही. म्हणून भांडण आहे पगारवाढीचं आणि फलकावर 'कच्च्या मालाअभावी ले-ऑफ' असं झळकतं. स्टोअरचं रजिस्टर मागवलं की माल रॅकवर दिसतो आणि प्रकरण उलटतं. आणखी ढोबळ चूक म्हणजे कारणाच्या रकान्यात 'कामगारांचा असहकार' लिहिणं. ते ले-ऑफचं कारणच नाही. मालकाने आपल्या हातानेच टाळेबंदी कबूल केली.

गोंधळ कामगारांच्या बाजूनेही होतो. निलगिरीतल्या कोटागिरीच्या कैरबेट्टा चहामळ्यात मॅनेजरवर हल्ला झाला, मळ्याचा एक विभाग बंद ठेवला गेला आणि कामगारांनी ले-ऑफची भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये ठरवलं की ही टाळेबंदी, सबब ले-ऑफची भरपाई लागू नाही.

एक आडबाजूचा नियम: त्याच कारखान्याच्या दुसऱ्या खात्यात संप किंवा गो-स्लो (मुद्दाम हळू काम) असल्यामुळे तुमचं खातं बसलं, तर तो ले-ऑफ खरा, पण भरपाई नाही. पेंट शॉप थांबलं म्हणून असेंब्लीवाले घरी बसतात तेव्हा हे लक्षात येतं, बहुधा पगाराच्या दिवशी.

नोटीसबोर्ड: क्रियापदांकडे येऊ. मला तिथेच जास्त घोळ दिसतो.

नोटीस 'लावतात' फलकावर. 1957 च्या केंद्रीय नियमांत लोकोपयोगी (रेल्वे, वीज, पाणी अशा) सेवेतल्या टाळेबंदीची नोटीस दोन ठिकाणी लावायला सांगितली होती: मुख्य प्रवेशद्वाराचा फलक आणि मॅनेजरचं ऑफिस. नोंदणीकृत संघटना असेल तर सेक्रेटरीला प्रत 'द्यायची'. आणि कामगार खात्याला 'कळवायचं'. तिन्ही वेगवेगळी कामं आहेत. बातमीत 'दिली' म्हटलं की युनियनला मिळाली असा अर्थ होतो, प्रत्यक्षात ती नुसती गेटवर चिकटवलेली असू शकते.

'कळवणं' सगळ्यात दुर्लक्षित. संपाची नोटीस मालकाच्या हातात पडली, किंवा त्याने स्वतः टाळेबंदीची नोटीस काढली, की पाच दिवसांत सरकारला कळवायचं आणि त्या दिवशी किती नोटिसा आल्या किंवा दिल्या ते सांगायचं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, पण लोकोपयोगी सेवांपुरतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्यात नोटीस आणि हे कळवणं सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आलं, आणि समेट अधिकाऱ्यालाही (वाद मिटवायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला) कळवायचं आहे. पाच दिवस नोटीस मिळाल्या तारखेपासून मोजायचे. म्हणून आवक शिक्का मारून पोच घ्यावी. शिक्का नसला की दोन्ही बाजू आपापली तारीख सांगतात.

संपवाल्यांचंही मोजणं चुकतं. 1 तारखेला नोटीस दिली आणि 14 ला संप केला तर तो बेकायदा. 16 तारीख धरावी, म्हणजे वाद उरत नाही. नोटीस 60 दिवसांत वापरली नाही तर नवी द्यावी लागते. जुन्या कायद्यात ही मुदत सहा आठवड्यांची होती. समेटाची बोलणी सुरू झाली की ती संपून सात दिवस होईपर्यंत संपही नाही, टाळेबंदीही नाही.

शेअरबाजारी: कंपनी लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) असेल तर 'प्रकटन' हा चौथा शब्द येतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियम 30 खाली संप किंवा टाळेबंदीने काम विस्कळीत झालं तर शेअर बाजाराला कळवायचं. मुदत घटना कंपनीच्या आतून निघालेली असेल तर 12 तास, बाहेरून आली असेल तर 24. कोणता प्लांट, संपाचं कारण काय, उत्पादनावर अंदाजे काय परिणाम, हे लिहावं लागतं, आणि काम सुरळीत होईपर्यंत पुढची माहिती देत राहायची.

मात्र परिणाम 'मटेरियल', म्हणजे लक्षणीय, असला तरच. आकड्यांची कसोटी तीन रकमांतली सर्वांत लहान: उलाढालीच्या 2 टक्के, नेटवर्थच्या (मालमत्ता वजा देणी) 2 टक्के, किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्या-तोट्याच्या 5 टक्के. मोठ्या कंपनीचा लहान प्लांट महिनाभर बंद असूनही बाजाराच्या साइटवर अक्षर दिसत नाही ते यामुळे. कामगार खात्याला कळवण्यात मात्र अशी सूट नाही. बातमीदाराने 'कंपनीने माहिती दडवली' लिहिण्याआधी कोणापासून दडवली ते पाहावं.

बोरूबहाद्दर: 'सामूहिक रजा' कुठे बसते? युनियनवाले म्हणतात, संप नाही, सगळ्यांनी किरकोळ रजा टाकली.

नोटीसबोर्ड: संहितेत 50 टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तो संपच. कारखान्यातल्या एकूण 200 पैकी 90 जण अशा रजेवर असतील तर 'सामूहिक रजा' लिहा. 100 झाले की 'संप'. हजेरीचा आकडा टाइम ऑफिसमधून घ्या, गेट मीटिंगमधून नको.